उभं राहून द्यायचं उत्तर

(दक्षिण कोरियातलं इंचॉन शहर. चिनी वस्तीच्या मागची चढण, तिथल्या दोन खोल्या. बहात्तर वर्षांच्या युनशियाबाई पीठ मळतायत. अंथरुणावर त्यांचा सेहेचाळीस वर्षांचा मुलगा तिएनयू टीव्हीकडे तोंड करून पडलाय. जन्मापासून त्याच्या हातापायांत जीव नाही. आणि दारात, बूट न काढता, युनशियाबाईंचे थोरले भाऊ उभे आहेत. हे छू मास्तर, चिनी शाळेत चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले.)

मास्तर: मी एवढंच विचारतोय. गेली होतीस की नव्हतीस?

युनशिया: आणि मी एवढंच म्हणतेय की बूट काढ आणि आत ये. दार उघडं टाकून भांडलास तर तापवलेली जमीन गार पडते. गॅसचं बिल काही तुझी शाळा भरत नाही.

मास्तर: आपल्या वस्तीतल्या लुआनच्या सुनेनं तुला त्या कचेरीच्या जिन्यात पाहिलं. ठेवणीतला कोट घातलेला, हातात फाइल.

युनशिया: तिला स्वतःच्या घरातलं काही दिसत नाही, माझा कोट बरा दिसला. हो, गेले होते.

मास्तर: नागरिकत्वाच्या परीक्षेला?

युनशिया: मग काय, या वयात स्वयंपाकाच्या परीक्षेला जाणार होते?

मास्तर: मला न विचारता.

युनशिया: विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. मग तुझा शब्द मोडून गेले असते. न विचारता गेले, तुझा शब्द तरी शाबूत राहिला.

तिएनयू: मामा. बूट.

मास्तर: काढतो रे बाबा. हे बघ, काढले. युनशिया, बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी आपण दोघंच होतो. त्यांनी तुझा हात माझ्या हातात देऊन काय सांगितलं होतं, ते तुला आठवत असेलच.

युनशिया: नाव बदलू नका, गाव बदलू नका. आठवतंय. तीन दिवस त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. त्याच दिवशी त्यांनी मला आई म्हणूनही हाक मारली होती. ते बरं तू धरून बसला नाहीस.

मास्तर: थट्टा नको.

युनशिया: थट्टा कुठं करतेय. बस ना. पाव उकडत ठेवलेत, झालेच. कांद्याची पात आहे, काळी चटणी आहे. खाऊन भांड. उपाशीपोटी तुझा आवाज चढतो.

मास्तर: मला काही नको. मला फक्त कळू दे, तुला कमी काय पडलं? आपल्या खिशात कायमच्या रहिवाशाचं कार्ड आहे. ते मिळायला किती वर्षं गेली, विसरलीस? दर दोन वर्षांनी रांग. दहाही बोटांचे ठसे. शाई पुसायला बाबा खिशात चिंधी घेऊन जायचे. टेबलापलीकडचा पोरगा विचारायचा, परत कधी जाणार? आणि बाबा हसून सांगायचे, लवकरच साहेब. ते सगळं संपलं. आता कुणी विचारत नाही. आपण मत देतो. तीन वेळा दिलं मी. महापौर आपण निवडतो.

युनशिया: दिलंस ना. पहाटे उठून दाढी केलीस, टाय लावलास, सहाच्या ठोक्याला रांगेत पहिला. मी बघितलं ना तुला. मला वाटलं, लग्नाला निघालाय.

मास्तर: त्यात हसण्यासारखं काय आहे?

युनशिया: काही नाही. फक्त तू ज्याला निवडलंस त्याच्याच कचेरीत मी तिएनयूसाठी बाई मागायला गेले होते.

मास्तर: कसली बाई?

युनशिया: उचलायला, न्हाऊ घालायला, कूस बदलायला. ज्याचे हातपाय चालत नाहीत त्याला सरकार रोज काही तास माणूस देतं. शेजारच्या पाकबाईच्या भावाला देतात. त्याचा एक पाय गेलाय फक्त. तरी सकाळी दहाला बाई येते, त्याला बागेत नेते. मी खिडकीतून बघते.

मास्तर: मग? तिएनयूची नोंद झालीय की. तूच म्हणाली होतीस, आता आपल्यालाही अपंग म्हणून नोंदवून घेतात.

युनशिया: झालीय नोंद. तिथल्या पोरीनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. गोड पोर हो, वाईट नव्हती. म्हणाली, आजी, नोंद आहे, पण हे माणसाचे तास नागरिकांनाच मिळतात, परदेशी लोकांना नाही. मी मागं वळून बघितलं, म्हटलं हिला कोण परदेशी दिसतोय. मागं कुणी नव्हतं.

मास्तर: काहीच दिलं नाही?

युनशिया: दिलं ना. अपंगांची गाडी उभी करायला राखीव जागा असते, तिथं लावायची चकती दिली. ती काय, भिंतीवर अडकवलीय.

तिएनयू: गाडी तेवढी घ्यायची राहिलीय.

युनशिया: ऐकलंस? तुझा भाचा.

मास्तर: पण मग इतकी वर्षं तू एकटीनं केलंसच ना. आणखी थोडं...

युनशिया: दादा, मागच्या थंडीत तिएनयूचा पुढचा दात तुटला. कसा तुटला सांग बघू.

मास्तर: फळीच्या कडेवर आपटला. तूच सांगितलंस.

युनशिया: खोटं सांगितलं. न्हाणीत मी पाडला त्याला. साबणाचा हात होता, कमरेत कळ आली आणि माझे हात सुटले. आपोआप सुटले. तो खाली आणि मी कट्ट्यावर बसलेली, आणि मला उठताच येईना. अर्धा तास पोर गार फरशीवर रक्ताळलेल्या तोंडानं पडून होतं.

तिएनयू: चाळीस मिनिटं. बाहेर बातम्या लागल्या होत्या. संपल्या.

मास्तर: मला का नाही सांगितलंस?

युनशिया: सांगून? तू येऊन उचलणार होतास? अठ्ठ्याहत्तर संपतील तुझी.

मास्तर: मी आपल्या चिनी संघात शब्द टाकला असता. आपली माणसं आहेत.

युनशिया: संघात आता कोण उरलंय? अकरा म्हातारे आणि एक बुद्धिबळाचा पट. तरणीताठी होती ती गेली तैपेईला, नाहीतर अमेरिकेला. तिएनयूचा बापही तिकडेच गेला. दोन वर्षांत बोलावतो म्हणाला होता. तेव्हा हा सहा वर्षांचा होता.

तिएनयू: बाबा रांगेत असतील अजून.

युनशिया: तू गप रे. मी मेले की याचं काय होईल, एवढंच मला विचार दादा. दुसरं काही विचारू नकोस. मी आधी नागरिक झाले की आईच्या मागोमाग मुलाला घेतात, त्याला वेगळी परीक्षा लावत नाहीत असं तो अर्ज भरून देणारा म्हणाला. मग याला माणूस मिळेल. मी असले तरी, नसले तरी. तेवढ्यासाठी कोट घातला होता.

मास्तर: बरं. मग झालं का? झालीस त्यांची?

युनशिया: नाही. नापास झाले.

मास्तर: ...बरं झालं.

युनशिया: बोललास शेवटी. पोटातलं ओठावर आलं.

मास्तर: तसं नाही. तसं नव्हतं म्हणायचं मला. पण नापास कशी झालीस? तुझी बोली तर त्यांच्या बायकांपेक्षा फर्डी. मासळीबाजारात तू भांडायला लागलीस की त्यांच्या बायका ऐकत उभ्या राहतात.

युनशिया: बोलीत नाही अडले. राष्ट्रगीतही म्हटलं. पहिलं कडवं म्हणा म्हणाले, मी चारही म्हटली. तिएनयूनं शिकवलं होतं.

तिएनयू: रात्री चॅनल बंद व्हायच्या आधी लागतं. चाळीस वर्षं. पाठ आहे.

मास्तर: मग अडलं कुठं?

युनशिया: दोन माणसं होती टेबलामागं. एक म्हातारा आणि एक चष्मेवाला. म्हाताऱ्यानं विचारलं, आपल्या देशाचा स्थापना दिवस कधी असतो? मला येत होतं हो. आदल्या रात्री दहा वेळा घोकलं होतं. दहाव्या महिन्याची तीन तारीख. आणि तोंडातून आलं, दहाव्या महिन्याची दहा.

मास्तर: दहा म्हणजे तैवानचा...

युनशिया: हो, तैवानचा. ज्या देशाचा पासपोर्ट आपल्याकडे आहे आणि ज्याच्या विमानतळावर उतरलं की तोच देश आपल्याला विचारतो, किती दिवस राहणार. त्याचा. शाळेत त्या दिवशी तू आम्हाला झेंडे देऊन मैदानाभोवती फिरवायचास. नंतर गोड पाव मिळायचा. तोच आला तोंडात.

मास्तर: एका तारखेवरून नापास करत नाहीत.

युनशिया: नाहीच केलं. भला माणूस होता. म्हणाला, घाबरू नका आजी, सोपं विचारतो. तुमचं गाव कुठलं?

मास्तर: मग?

युनशिया: मग काय. मी उभी राहिले.

मास्तर: उभी?

युनशिया: खुर्चीवरून उठले, टाचा जुळवल्या, हात मांडीला लावले आणि सांगितलं, शानतुंग प्रांत, मूपिंग तालुका, छूवाडी. मोठ्यानं. तुझ्या वर्गात वाडवडिलांचं गाव सांगायचो तसं.

मास्तर: अगं पण...

युनशिया: चष्मेवाल्यानं लिहून घेतलं. म्हातारा बघतच राहिला. म्हणाला, आजी, कागदावर तर जन्म इंचॉनचा आहे. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, चीनमध्ये शानतुंगला किती वर्षं होता? मी म्हटलं, एकदाही गेले नाही. मग दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना वाटलं असेल म्हातारीला चळ लागलाय. पुढच्या वेळी या म्हणाले. मी तशीच उभी होते. बसा म्हणाले तेव्हा बसले.

मास्तर: घाबरली असशील.

युनशिया: घाबरले होतेच. टेबल, टेबलामागं माणूस, त्यानं विचारलेला प्रश्न. पायांना काय कळतं साठ वर्षं गेली म्हणून? तुला आठवतंय, तू वीस वर्षांचा होतास, नवा नवा मास्तर. मी चौदाची. पहिल्याच आठवड्यात तू वर्गात विचारलंस, घर कुठं तुझं? मी म्हटलं, इंचॉन.

मास्तर: वर्गात सगळ्यांना एकच नियम होता.

युनशिया: सगळ्यांना दोन पट्ट्या. मला चार. बहीण म्हणून सवलत दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून चार. मी घरी आईला सांगितलं नाही. हात उकळत्या भांड्याला लागला म्हणाले. आणि त्यानंतर कधी चुकले नाही बघ. परवासुद्धा चुकले नाही.

मास्तर: युनशिया, तो काळ वेगळा होता.

युनशिया: असेल. मंगळवारी मला परत बोलावलंय. दोनदाच विचारतात. दुसऱ्यांदा चुकले की अर्ज रद्द, पुन्हा पहिल्यापासून सगळे कागद, दोन-अडीच वर्षं. तोवर पंचाहत्तर होतील मला, आणि माझी कंबर तेवढी थांबणार नाही. तू आलास ते बरंच झालं, नाहीतर मीच येणार होते तुझ्याकडे.

मास्तर: माझ्याकडे कशाला?

युनशिया: तूच शिकवलंस ना? तूच पूस आता. समोर बस, मास्तरसारखा विचार, आणि नवं उत्तर माझ्या डोक्यात बसेपर्यंत उठू नकोस.

मास्तर: ते माझ्याच्यानं होणार नाही.

युनशिया: का?

मास्तर: का म्हणून काय विचारतेस? या लोकांनी बाबांचं काय केलं ते तू विसरलीस काय? आमच्याच पैशानं जागा घ्यायची तर एवढीच घ्या, याहून मोठी नको. का, तर परके. नंतर फर्मान निघालं, चिनी खाणावळीत भात विकायचा नाही. बाबांनी भाताचं पातेलं माझ्यासमोर उपडं घातलं. तीस वर्षं ज्यांनी बाबांच्या हातचं खाल्लं ते दारातून चिन्या म्हणून हाक मारायचे. आणि आता मी माझ्या बहिणीला शिकवू, की जा, त्यांच्या दारात गाणं म्हण, म्हणजे ते तुला घरात घेतील? साठ वर्षं दार लावून घेतलेल्यांच्या?

युनशिया: सगळं आठवतंय मला. ते पातेलं मीच घासलं होतं. तुझ्या थोरल्यानं अमेरिकेत शपथ घेतली, कधी रे? सहा वर्षं झाली ना?

मास्तर: त्याचा इथं काय संबंध?

युनशिया: तीन टेबलं मांडली होतीस तू. माझा मुलगा अमेरिकन झाला म्हणून. समुद्रकाकडीसारखा महागडा समुद्रजीव मागवलास, तोही अख्खा. गाणंही म्हटलं असेल त्यानं तिकडे, हात छातीवर ठेवून. तेव्हा नाही कुणी बाबांचं नाव काढलं. सात समुद्र ओलांडून दुसऱ्याचा झाला तर मेजवानी. मी जिथं जन्मले, जिथं माझी नाळ पुरली तिथली होते म्हटलं, तर मी बाटले.

मास्तर: ...तो तरुण आहे. त्याला पोटापाण्याचं बघायचं होतं.

युनशिया: आणि मी काय हौसेनं करतेय? मत देता येतं, कर भरता येतो, मरताही येतं. मुलाला धरायला माणूस मागितला की मात्र परदेशी. कायमचा रहिवासी म्हणजे काय, मला कळलंय आता. कायमचा पाहुणा. चहा मिळतो, अंथरूण मिळत नाही.

तिएनयू: आई. जायचंय.

युनशिया: आले रे. हात पुसते. दादा, जरा सरक.

मास्तर: थांब. तू नको वाकूस. मी उचलतो.

युनशिया: राहू दे, तुझ्या सवयीचं नाही.

मास्तर: सवयीचं काय त्यात? माझाच भाचा आहे. सांग, कुठं धरायचं?

युनशिया: मागून बगलेतून हात घाल. असे नाही, खालून. आता स्वतःचंच मनगट धर. मी पाय धरते. न्हाणी चार पावलांवर आहे, घाई करू नकोस.

तिएनयू: मामा, हळू.

मास्तर: किती वजन आहे तुझं?

तिएनयू: बासष्ट. बसून खातो ना. पडून.

युनशिया: बोलू नका दोघं. एक, दोन, उचल. हां. मागं पाऊल टाक. दादा, उंबरठा आहे, पाय वर घे. दादा. खाली टेकव त्याला, टेकव, टेकव...

मास्तर: पडलो का आम्ही?

तिएनयू: बसलोय. दोघं.

युनशिया: लागलं का? तिएनयू, तोंड बघू. डोकं आपटलं का?

तिएनयू: मामांच्या पोटावर पडलो. बाकीचे दात आहेत.

युनशिया: दादा, तुला?

मास्तर: मला काही झालं नाही. याला आधी ने. मी बाजूला होतो.

तिएनयू: नको आता, आई. झालं.

युनशिया: असू दे. असू दे रे राजा.

तिएनयू: मामा. तुमच्या पँटवरपण. माफ करा.

मास्तर: अरे, मला काय माफ करा म्हणतोस. माझ्यामुळे झालं.

युनशिया: दादा, तिकडे तोंड कर. याला बदलते. सेहेचाळीस वर्षांचा आहे तो, कुणी बघितलेलं त्याला आवडत नाही.

मास्तर: केलं तोंड. भिंतीकडे बसतो. हे रोज असं?

युनशिया: रोज नाही. रोज मी पोहोचते वेळेवर.

मास्तर: युनशिया.

युनशिया: बोल. पाय वर घे रे थोडा. हां.

मास्तर: तोंड भिंतीकडे आहे तोवर एक सांगून टाकतो. पुन्हा माझ्यानं बोलवणार नाही. चीनला जाणारी वेइहाईची बोट सुरू झाली तेव्हा मी छूवाडीला जाऊन आलो.

युनशिया: माहितीय की. सगळ्या वस्तीला माहितीय. आजोबांची विहीर बघितलीस, नाशपातीचं झाड बघितलंस. शाळेत दोन दिवस तेच सांगत होतास. बाबांच्या थडग्यासाठी बरणीभर माती आणलीस.

मास्तर: विहीर बघितली नाही. गावात शिरलो तर एका बाईनं हाक मारून सांगितलं, अहो बघा, कोरियाचा माणूस आलाय. कोरियाचा. बाबांच्या चुलतभावाचा मुलगा दारात आला. मी नाव सांगितलं, वंशावळ सांगितली, पिढ्यांची नावं घडाघडा म्हटली. तो उंबऱ्यावरून हलला नाही. त्याला वाटलं मी घर मागायला आलोय. म्हणाला, इथं तुमचं काही राहिलेलं नाही. एक बाकडं आणून अंगणाबाहेर ठेवलं आणि पाणी दिलं. पाऊण तास बसलो मी त्या बाकड्यावर.

युनशिया: आणि घरात?

मास्तर: घरात नेलं नाही.

युनशिया: मग ती माती?

मास्तर: बसथांब्याजवळची. गाडी यायला वेळ होता. बरणी रिकामी नेऊन काय सांगणार होतो?

युनशिया: बाबांच्या थडग्यावर ती मी माझ्या हातानं पसरली होती, दादा. ढेकळं फोडून.

मास्तर: हो.

युनशिया: पंचवीस वर्षं आपण सगळे तिथं जाऊन वाकतोय. धूप लावतोय. बसथांब्याला.

तिएनयू: गाडी येईल एखादी.

युनशिया: गप रे. आणि दादा, त्यानंतरही तू वर्गात तेच विचारत राहिलास? तुला ठाऊक असून?

मास्तर: आणखी सात वर्षं.

युनशिया: पट्ट्या?

मास्तर: पट्ट्या नाही. त्या बंद केल्या. पण विचारायचो.

युनशिया: का पण?

मास्तर: मग काय विचारायचं होतं? पोरं इंचॉन म्हणाली असती. आणि इंचॉननं त्यांना काय म्हटलं असतं, ते तू मघाशी सांगितलंस. मूपिंगला तोंड नव्हतं. ते निदान उलट बोलत नव्हतं.

युनशिया: ...वळ आता. झालं याचं. त्या खुंटीवर पायजमा आहे तिएनयूचा, तो घाल आणि पँट इकडे दे, धुऊन टाकते.

मास्तर: राहू दे पँट. तू आधी इथं समोर बस.

युनशिया: पाव करपतील.

मास्तर: उकडलेला पाव करपत नाही. शेगडी बारीक कर आणि बस. खुर्ची घे. तिथं खुर्ची असते ना? मग खुर्चीवरच बस. पाठ ताठ. आता मी तो म्हातारा.

तिएनयू: मी चष्मेवाला.

मास्तर: तू चष्मेवाला. लिहून घे. बोला आजी, या देशाचा स्थापना दिवस कधी असतो?

युनशिया: दहाव्या महिन्याची...

मास्तर: घाई नको. गोड पावाचा दिवस नाही. दुसरा.

युनशिया: दहाव्या महिन्याची तीन तारीख.

मास्तर: पुन्हा.

युनशिया: दहाव्या महिन्याची तीन तारीख.

तिएनयू: बरोबर. लिहिलं.

मास्तर: आजी, तुमचं गाव कुठलं?

युनशिया: शान...

मास्तर: उठलीस.

युनशिया: कुठं? गुडघा भरून आला म्हणून जरा...

मास्तर: उठलीस तू. पाय बघ तुझे. टाचा जुळवल्यास. खाली बस. गाव सांगताना उभं राहायचं नाही. आपल्या गावाचं नाव कुणी उभं राहून सांगतं का? बसूनच सांगायचं, भाजीचा भाव सांगतात तसं. पुन्हा. आजी, तुमचं गाव कुठलं?

युनशिया: इ...

मास्तर: बोल.

युनशिया: दादा, जीभ वळत नाही.

मास्तर: पाकबाईनं विचारलं तर काय सांगशील?

युनशिया: पाकबाई कशाला विचारेल? तिला माहितीय ना मी इथलीच आहे ते.

मास्तर: मग तेच सांग. तिला सांगतेस असं समज. तुमचं गाव कुठलं?

युनशिया: इंचॉन.

मास्तर: मोठ्यानं.

युनशिया: इंचॉन.

मास्तर: हात का पुढे केलास?

युनशिया: केला का? मला कळलंच नाही. आपोआप आला.

मास्तर: मागं घे तो. घे मागं. युनशिया, तेव्हा तुझं उत्तर चुकलं नव्हतं.

युनशिया: मला ठाऊक होतं रे. चौदा वर्षांच्या पोरीलाही आपलं घर कुठं आहे ते कळतं. पुढचं विचार.

मास्तर: पुढचं नाही. हेच. तुमचं गाव कुठलं, आजी?

युनशिया: इंचॉन.

मास्तर: तुमचं गाव कुठलं?

युनशिया: इंचॉन. खालची चिनी वस्ती, वरची चढण. या कधी चहाला.

तिएनयू: पास.

मास्तर: अजून नाही. रोज संध्याकाळी येईन मी, सोमवारपर्यंत. शंभर वेळा म्हणवून घेईन.

युनशिया: ये. पाव घे आता, गरम आहे. आणि मंगळवारी? माझ्याबरोबर येशील? तिएनयूजवळ पाकबाई बसणार आहे. घरच्या एका माणसाला आत सोडतात, मागं खुर्ची असते. गेल्या वेळी मी एकटीच होते.

मास्तर: येईन. टाय लावतो. पण आत नको. जिन्यात थांबतो मी.

युनशिया: का? लुआनची सून बघेल म्हणून?

मास्तर: बघू दे तिला. तसं नाही गं. तो प्रश्न तुला विचारतील आणि उभा मी राहीन.